मातुश्री काशीला निघाल्या

१७३५ चा फेब्रुवारी. माळवा आणि राजपुताना जिथे भेटतात त्या रामपुऱ्याच्या मुलखात बादशहाचा मीरबक्षी खान दौरान भलीमोठी फौज घेऊन अडकून पडला होता. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांनी त्याची रसद तोडली होती. पुढे सरकता येईना, मागे फिरता येईना. दुसऱ्या अंगाला बुंदेलखंडाच्या बाजूने वजीर कमरुद्दीन खान पिलाजी जाधवांशी झुंजत होता. दिल्लीने त्या वर्षी दोन मोठ्या फौजा उतरवल्या होत्या, त्या मराठ्यांना नर्मदेपलीकडे हाकलून लावण्यासाठी.

आणि नेमक्या त्याच महिन्यात, १४ तारखेला, पेशवे बाजीराव यांच्या आई राधाबाई पुण्याहून काशीला निघाल्या.

ज्या बादशहाच्या सरदारांशी मुलाची माणसं लढत होती, त्याच बादशहाच्या मुलखातून या बाईंची पालखी जायची होती. वाटेत राजपूत राजे होते आणि या राजांनी सात महिन्यांपूर्वीच, जुलै १७३४ मध्ये, मेवाडात हुरड्याला एकत्र बसून मराठ्यांविरुद्ध एकजूट करायच्या आणाभाका घेतल्या होत्या. त्या बैठकीचं यजमानपद उदयपूरच्या महाराणा जगतसिंहाकडे होतं, बैठकीतलं सगळ्यात वजनदार नाव जयपूरच्या सवाई जयसिंहाचं होतं. राधाबाईंचे पुढचे दोन मोठे मुक्काम म्हणजे उदयपूर आणि जयपूर! आज हा बेत कुणी सांगितला तर आपण त्याला वेड्यात काढू. पुण्यात मात्र तो पूर्ण शुद्धीवर, नीट पत्रापत्री करून ठरला होता.

हे कसं जमलं ते कळायला बाईंचं आधीचं आयुष्य थोडं पाहावं लागतं. राधाबाई बर्व्यांच्या. नाशकाकडच्या सिन्नरजवळचं डुबेरे हे त्यांच्या माहेरच्यांचं ठिकाण, आणि १८ ऑगस्ट १७०० ला बाजीरावाचा जन्मही तिथलाच. सासर श्रीवर्धनच्या भटांचं. देशमुखीचं वतन, नारळीपोफळीची वाडी आणि शेजारी जंजिऱ्याचा सिद्दी. सिद्दीशी वाकडं आलं आणि भटांना वतन सोडून घाट चढावा लागला. बाळाजी विश्वनाथांनी देशावर येऊन कारकुनीपासून सुरुवात केली. म्हणजे पेशव्यांच्या घरातल्या पहिल्या गृहिणीचा संसार सुरू झाला तो विस्थापितांचा म्हणून. बिऱ्हाड उचलायचं, मुलं काखेत घ्यायची, जिथे नवऱ्याची चाकरी तिथे चूल मांडायची.

त्या काळात बाळाजीपंतांचं नशीब आठवड्याला पालटत होतं. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले, ताराबाईंशी तंटा चाललेला, सरदार आज या बाजूला तर उद्या त्या बाजूला. शिकारीतल्या एका हरणावरून चंद्रसेन जाधवाशी बिनसलं आणि बाळाजीपंतांना मुलांसह जीव घेऊन पळत पांडवगड गाठावा लागला. पुढे दमाजी थोराताने बेलभंडाऱ्याची शपथ घेऊन भेटीला बोलावलं आणि हिंगणगावच्या गढीत कुटुंबकबिल्यासह कैद केलं. शपथेची आठवण करून दिली तेव्हा त्याने काय सांगावं? बेल म्हणजे झाडाचा पाला आणि भंडारा म्हणजे रोजच्या जेवणातली हळद, असं बखरी सांगतात. राखेचे तोबरे तोंडाला बांधायची धमकीही होती. शेवटी शाहू महाराजांनी खंडणी भरून सोडवणूक केली. पुढे उभ्या हिंदुस्थानाला धाक बसवणारा बाजीराव तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षांचा, आणि धाकटा चिमाजी त्याहून लहान. या पोरांच्या आईने विश्वासघात काय असतो ते पुस्तकात वाचलं नव्हतं.

१७१३ मध्ये पेशवेपद मिळालं. १७१९ मध्ये बाळाजीपंत दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले आणि वर्षभरात, २ एप्रिल १७२० ला, सासवडला वारले. पंधरा दिवसांत बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. मुलगा विशीचा. दरबारात प्रतिनिधींसारखे जुने मानकरी टपून बसलेले. थोरला लेक सदा घोड्यावर, धाकटा चिमाजी आप्पा कारभार आणि स्वाऱ्या दोन्ही सांभाळणारा आणि प्रकृतीने नाजूक. अशा घरात मधली कडी कोण, हे वेगळं सांगायला नको. लेकी भिऊबाई आणि अनुबाई चांगल्या घरी पडल्या होत्या. एक बारामतीच्या जोशी सावकारांकडे, दुसरी इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे. पेशव्यांना पैसा लागायचा तो सावकारांकडून आणि माणसं लागायची ती सरदारांकडून, तेव्हा हे जावई निवडताना नुसती पत्रिका पाहिली असेल असं मला वाटत नाही.

१७३० साल या घराने मोठं धामधुमीचं पाहिलं. जानेवारीत पुण्याला शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला चिमाजी आप्पांना मुलगा झाला, सदाशिव. महिना भरायच्या आत त्याची आई रखमाबाई गेली. बाप मोहिमांवर. पोर आजीच्या पदरात आलं ते तिथेच वाढलं. आईवेगळं मूल वाढवताना आजीचा हात जरा सैल पडतो म्हणतात. या आजीचा पडला की नाही कोण जाणे, पण सदाशिवरावाला पुढे हिशेबाची, कागदाची, शिस्तीची जी करडी सवय दिसते ती त्या वाड्यातलीच. बाजीरावाचा थोरला मुलगा नानासाहेब त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा. १७३४ च्या ऑगस्टमध्ये नानासाहेबाचा भाऊ रघुनाथराव जन्मला आणि त्याच वर्षी बाजीरावाला मस्तानीच्या पोटी शमशेर. राधाबाई काशीला निघाल्या तेव्हा घरात दोन तान्ही नातवंडं होती, आणि एकाच्या पाळण्याला वाड्यात जागा होती, दुसऱ्याच्या पाळण्याबद्दल कुजबुज होती.

आता यात्रेकडे येऊ. त्या काळी काशीला जाणं म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊनच जाणं. वाटेत नद्या, जंगलं, पेंढारी, पटकी. त्यावर जागोजाग राहदारीच्या चौक्या, आणि प्रयाग, काशी, गया इथे यात्रेकरूंवर कर. म्हणून कुणी मोठं माणूस निघालं की त्याच्या आसऱ्याला गावोगावचे ब्राह्मण, विधवा, म्हातारीकोतारी जोडली जात. पेशव्यांची आई निघते म्हटल्यावर लोकांनी संधी सोडली नसणार. पालख्या, मेणे, तंबू-राहुट्यांचे उंट, सोवळ्यातले आचारी, पाणके, उपाध्ये, हरकारे, जिलबीतले स्वार असा हा चालता गाव रोज पहाटे उठायचा, काही कोस सरकायचा आणि पाण्याची जागा बघून पुन्हा वसायचा. विधवेच्या सोवळ्याचे नियम कडक. परक्या मुलखात रोजचं पाणी, रोजची चूल, एकादशीचा उपास हे सगळं सांभाळत पन्नाशी ओलांडलेली बाई सव्वा वर्षाच्या आसपास फिरत होती.

पण या यात्रेचा खरा आचारी दिल्लीत बसलेला होता. महादेवभट हिंगणे हे मूळचे भटांचे नाशिकचे तीर्थोपाध्ये. बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले आणि वकील म्हणून तिथेच राहिले. यजमानाच्या कुळाची नामावळी राखणारा हात मराठ्यांच्या परराष्ट्रखात्याची पत्रं लिहू लागला. पेशव्यांच्या मातुश्रींना तीर्थं करवायची तर उपाध्याही तोच हवा आणि मुत्सद्दीही तोच. त्यांनी दरबाराकडून वाटेच्या बंदोबस्ताची हमी मिळवली. सवाई जयसिंहाने तर स्वतःहून आग्रहाचं निमंत्रण दिलं.

जयसिंहाचं गणित समजून घेण्यासारखं आहे. हा राजा रामपुऱ्याला खान दौरानच्या बाजूने, म्हणजे मराठ्यांविरुद्ध, छावणीत बसला होता. होळकर-शिंद्यांनी त्याला बगल देऊन त्याच्याच मुलखात घोडी घातली आणि सांभर लुटलं. जयसिंहाने ओळखलं की हे पाणी बांध घालून थांबणारं नाही. मार्चमध्ये त्याच्याच मध्यस्थीने खान दौरानने माळव्याच्या चौथाईपोटी वर्षाला बावीस लाख रुपये देण्याचं कबूल केलं. लढाईत जे जमलं नाही ते पाहुणचारात जमवावं असं त्याच्या मनात असेल तर त्यात नवल नाही. पेशव्याची आई आपल्या घरी उतरली, तिची उठबस नीट झाली, की उद्या तिचा मुलगा दारात आला तरी भांडायला येणार नाही.

पालखी बुऱ्हाणपुरावरून, नर्मदा ओलांडून मे महिन्यात उदयपूरला पोचली. ऐन उन्हाळा, पिचोला तलावाचं पाणी खाली गेलेलं. महाराणा जगतसिंहाने सन्मानाने उतरवून घेतलं. याच माणसाने दहा महिन्यांपूर्वी हुरड्याला मराठ्यांविरुद्धच्या करारावर नाव घातलं होतं! उदयपुराहून नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींचं दर्शन झालं आणि जूनमध्ये मुक्काम जयपूरला पडला. पावसाळा तिथेच काढला.

जयपूर तेव्हा आठ वर्षांचंही नव्हतं. १७२७ च्या नोव्हेंबरात पाया घातलेलं शहर, आखीव चौकोनी पेठा, सरळसोट रस्ते, आणि राजवाड्याच्या अंगणात ग्रहताऱ्यांचे वेध घ्यायला बांधलेली दगडी यंत्रं. पुण्यात नुकताच शनिवारवाडा उठला होता, पण भोवतालचं पुणं कसब्याच्या बोळांचंच. राधाबाईंनी ते नगर पाहून काय म्हटलं ते कुणी टिपून ठेवलं नाही. आपल्याकडच्या कारकुनांनी कोणाला किती वस्त्रं दिली ते लिहिलं, बायकांनी काय पाहिलं ते लिहिलं नाही.

पाऊस ओसरल्यावर मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र अशी तीर्थं झाली. हा भाग दिल्लीच्या अगदी उंबऱ्यातला. दोआबात फर्रुखाबादचा महंमदखान बंगश होता. बाजीरावाने १७२९ मध्ये याच बंगशाला जैतपूरच्या किल्ल्यात कोंडून असं उपाशी मारलं होतं की त्याच्या फौजेला ओझ्याची जनावरं मारून खावी लागली. पुन्हा बुंदेलखंडात पाऊल टाकणार नाही असं लिहून देऊन तो जिवानिशी सुटला. आता त्याच बाजीरावाची आई त्याच्या वाटेने आली. बंगशाने तिच्या बंदोबस्ताला माणसं दिली, मानाची भेट पाठवली, बाजीरावाची आई ती आपलीही आई असा भाव दाखवला. यात भीती किती, पठाणी रीत किती आणि जैतपूरला जीव वाचल्याची जाणीव किती, याचं माप काढणं कठीण. तिन्ही असणार.

ऑक्टोबरमध्ये राधाबाई काशीला पोचल्या. आज आपण जी काशी पाहतो ती डोळ्यांपुढून पुसून टाकायला हवी. विश्वनाथाचं देऊळ १६६९ मध्ये पाडलं गेलं होतं आणि त्या जागी औरंगजेबाची मशीद उभी होती. आजचं देऊळ बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकर तेव्हा दहा वर्षांच्या होत्या आणि नुकत्याच मल्हाररावांच्या घरात सून म्हणून आल्या होत्या. काशीतल्या यात्रेकरूला तेव्हा गंगा होती, घाट होते, श्रद्धा होती. विश्वनाथाच्या जुन्या जागी मात्र देऊळ नव्हतं.

तरी मराठी माणूस तिथे पाय रोवत होता. नारायण दीक्षित पाटणकर हे विरक्त वृत्तीचे वेदसंपन्न गृहस्थ नुकतेच काशीत राहायला आले होते. ब्रह्मघाटाच्या आसपास त्यांच्यामुळे दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती वाढली. सदाशिव नाईक जोशी हे बाजीरावाच्या वतीने मणिकर्णिकेच्या घाटाचं काम पाहत होते. म्हणजे लेकाने पाठवलेल्या पैशांच्या पायऱ्या आई स्वतः उतरली, असं म्हणायला हरकत नाही. मराठ्यांच्या सत्तेचा तिथे एक शिपाईही नव्हता. तरीही घाट चढत होते, अन्नछत्रांचे बेत होत होते. तलवारीआधी तिथे कर्ज काढून बांधलेला दगड पोचला.

प्रयागचं त्रिवेणीस्नान घडलं, गयेला फल्गूच्या वाळवंटात पिंडदान झालं. बाळाजीपंतांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. गयेचं श्राद्ध हे खरं थोरल्या मुलाचं काम. पण थोरल्याला सवड कुठली? बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकून आला, काशी काही त्याला घडली नाही. घरातल्या पितरांचं देणं आईने फेडलं.

परतीची वाट बुंदेलखंडातून होती. बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल जाऊन चार वर्षं झाली होती, पण मरताना त्याने बाजीरावाला मुलासारखा वाटा दिला होता, म्हणून छत्रसालाच्या मुलांच्या दृष्टीने राधाबाई घरच्याच. आणि मस्तानी याच घरची. पुण्यात जिला वाड्याच्या ओसरीवर घेताना आढेवेढे, तिच्या माहेरची ही माणसं मातुश्रींच्या पालखीपुढे अदबीने चालली असतील. बाईंना त्या मुक्कामावर काय वाटलं असेल याची मला नेहमी उत्सुकता वाटत आली आहे.

त्याच हिवाळ्यात मुलगाही उत्तरेत होता. १७३६ च्या फेब्रुवारीत बाजीराव उदयपूरला गेला. दरबारात महाराण्याच्या बरोबरीने मांडलेल्या आसनावर न बसता खाली बसला आणि सिसोदियांच्या गादीचा मान राखला, असं सांगतात. खंडणीचा करार मात्र सोडला नाही. मार्चच्या सुरुवातीला किशनगडाजवळ सवाई जयसिंहाशी गळाभेट झाली. आई ज्या दारांतून आधी जाऊन आली होती तीच ही दारं. यात्रेमुळे राजकारण झालं असं म्हटलं तर ते जास्तीचं होईल, कारण रामपुऱ्याच्या वेढ्याशिवाय जयसिंहाने पायघड्या घातल्या नसत्या. पण आपली आई वर्षभर शत्रूच्या हवाली करणारा माणूस करार पाळणारा आहे, ही खात्री उत्तरेच्या दरबारांना फौजेने पटवली नव्हती. राधाबाई एका अर्थाने ओलीस होत्या. त्यांना ते ठाऊक नव्हतं असं मानणं हा हिंगणगावची कैद भोगलेल्या बाईचा अपमान होईल.

१ जून १७३६ ला त्या पुण्याला परतल्या. गंगेच्या कावडी उतरल्या, मावंदं झालं, सीलबंद गंगाजळ्या नात्यागोत्यात वाटल्या गेल्या, असा त्या काळचा रिवाज.

पुढची चार वर्षं मात्र सुखाची नव्हती. मस्तानीचं प्रकरण घरात धुमसत होतं. १७४० च्या सुरुवातीला रघुनाथरावाची मुंज आणि सदाशिवरावाचं लग्न निघालं, तेव्हा मस्तानी असेल तिथे आम्ही कार्याला बसणार नाही, असं पुण्याचे ब्राह्मण म्हणू लागले. बाजीराव कार्याला नव्हता. मस्तानीला अटकेत ठेवण्यात चिमाजी आप्पा आणि नानासाहेब यांचा हात होता आणि राधाबाईंची त्याला मूक संमती होती. हे झाकण्यात अर्थ नाही. पण बाजीराव-मस्तानीवरच्या २०१५ च्या सिनेमाने केशवपन केलेली, डोळ्यांत अंगार असलेली जी सासू घराघरांत पोचवली तेवढीच राधाबाई आता लोकांना माहीत आहे. ती बाई आपल्या काळाच्या सोवळ्यात घट्ट बांधलेली होती, खरं आहे. तिच्याच नातवाची मुंज आणि दुसऱ्याचं लग्न अडलं होतं, हेही खरं.

२८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला. पत्नी काशीबाई जवळ होत्या, आई पुण्यात. मस्तानीही लगोलग गेली. डिसेंबरात चिमाजी आप्पा गेले, त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. एका वर्षात दोन्ही मुलगे, आणि घरात उरली ती नातवंडं. नानासाहेब एकोणीस वर्षांचा पेशवा, सदाशिवराव दहा वर्षांचा, रघुनाथराव आणि शमशेर सहा-सहा वर्षांचे. शमशेरबहादूर याच घरात वाढला, याच घराच्या पागेत घोड्यावर बसायला शिकला. मस्तानीला न मिळालेली जागा तिच्या मुलाला मिळाली, आणि आजी हयात असताना मिळाली.

तीर्थयात्रेचं वळण या घराला राधाबाईंनी लावलं. सुनबाई काशीबाई मागून काशीला गेल्या. नानासाहेब १७४३ च्या सुरुवातीला बंगालच्या स्वारीत प्रयाग, काशी, गया करून आला, पण आजीसारखा दस्तकावर नव्हे, फौज घेऊन. फौज आणि यात्रा यांची सांगड तिथून पक्की होत गेली. उत्तरेची स्वारी निघाली की बाजारबुणग्यांबरोबर यात्रेकरूही निघायचे.

मार्च १७५३ मध्ये राधाबाई वारल्या. पणतू विश्वासराव तेव्हा अकराव्या वर्षात होता.

सात वर्षांनी त्यांनी वाढवलेला सदाशिवराव भाऊ मराठ्यांची मोठी फौज घेऊन उत्तरेत उतरला. बरोबर विश्वासराव होता, शमशेर होता, बायकामाणसं होती आणि तीर्थांच्या ओढीने आलेले हजारो यात्रेकरू होते. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकून भाऊ कुरुक्षेत्राच्या रोखाने निघाला. आजीने पंचवीस वर्षांपूर्वी परक्यांच्या बंदोबस्तात तिथे स्नान केलं होतं. वाटेतच बातमी आली की अफगाण बादशहा अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला आहे. कुरुक्षेत्र तसंच राहिलं आणि फौज पानिपताकडे वळली.